चाबूक कोणाच्या हातचा?

चाबूक कोणी उगारला, हे इतिहास नोंदवून ठेवतो. तो कोणाच्या पाठीवर पडला, हेही क्वचित कुठे लिहिलेले सापडते. पण तो विणला कोणी, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. जनावराचे कातडे कमावून, त्याच्या बारीक वाद्या कापून, त्यांना उतार देऊन, एकीखालून एक गुंफत आठ-दहा फुटांचा निमुळता, जिवंत सापासारखा चाबूक तयार करणारा माणूस त्या चाबकावर आपले नाव घालत नाही. वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती गेली की तो माणूस तिच्यापासून तुटतो.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन देशांत मात्र हा प्रश्न आज गंभीरपणे विचारला जातो. तिथे हाताने विणलेले जुने चाबूक लिलावात, जुन्या बाजारात, एखाद्या मयत माणसाच्या घरातल्या सामानात निघतात. त्यांवर नाव नसते. विकणारा सांगतो, "हा अमुक उस्तादाच्या हातचा आहे." घेणाऱ्याने काय करावे? बिननावाच्या वस्तूवरून तिच्या कर्त्यापर्यंत कसे पोहोचावे? वरवर पाहता हा शौकिनांचा खेळ वाटेल. पण कारागिराचे नाव इतिहासातून कसे गळते आणि ते परत कसे मिळवता येते, याचा हा नमुना आहे. म्हणून आम्ही तो इथे थोडा खोलात जाऊन मांडणार आहोत. कारागिरी हीच ज्यांची पिढ्यानुपिढ्यांची ओळख राहिली, अशा घराण्यांतून आपल्यापैकी कितीतरी जण आले आहेत. त्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

शब्दांना आपले गाव आठवते

वस्तूचा कर्ता विसरला जातो, पण वस्तूचे नाव आपली वाट सहसा विसरत नाही. 'चाबूक' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत त्याचा मूळ अर्थ चपळ, चलाख असा. घोड्याला चपळ करणारा तो चाबूक. हाच शब्द हिंदुस्थानातून पुढे मलायी-जावी मुलखात गेला आणि तिथे 'चांबुक' झाला. त्या बेटांवर डचांची सत्ता होती. त्यांनी तिथले गुलाम आणि बंडखोर जहाजांत घालून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला नेले. मकासरचे थोर सूफी शेख यूसुफ हे १६९४ मध्ये असेच हद्दपार होऊन केपला पोहोचले. दक्षिण आफ्रिकेतल्या मुस्लिम समाजाचा इतिहास त्यांच्यापासून सांगितला जातो. या ये-जा करणाऱ्या जहाजांबरोबर शब्दही गेला आणि केपमध्ये 'शांबोक' झाला. पाणघोड्याच्या किंवा गेंड्याच्या जाड कातड्याचा हा ताठ कोरडा. पुढे वर्णभेदाच्या राजवटीत काळ्या लोकांचे मोर्चे पांगवणाऱ्या पोलिसांच्या हाती तो जगाने पाहिला.

दुसरा शब्द 'सौत'. अरबीतला हा शब्द कुरआनच्या सूरह अल्-फज्रमध्ये येतो. आद, समूद आणि फिरऔन यांच्यावर कोसळलेल्या अजाबाच्या संदर्भात तो आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. अंदलुसच्या अरबीतून हा शब्द स्पॅनिश भाषेत शिरला आणि 'आसोते' झाला. आजही स्पॅनिशमध्ये फटक्याला आणि चाबकाला तोच शब्द आहे. हजरत उमर फारूक (र. अ.) यांचा 'दुर्रा' तर इस्लामी इतिहासात न्यायाची खूण होऊन बसला आहे. मराठीत आपण अजून 'कोरडे ओढतो', आणि महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याची दैना मांडणाऱ्या ग्रंथाला नाव दिले तेही आसुडाचेच.

इतक्या भाषांत, इतक्या ग्रंथांत चाबूक आहे. त्याचा कर्ता मात्र एकातही नाही.

चाबूक आतून कसा असतो

कर्ता ओळखायचा तर आधी वस्तू कळली पाहिजे. आम्ही ज्या चाबकाविषयी लिहीत आहोत त्याला इंग्रजीत 'बुलव्हिप' म्हणतात. बैलांच्या आणि गुरांच्या मागे चालणाऱ्या माणसांचे हे हत्यार. अमेरिकेत रेल्वे सर्वत्र पोहोचण्याआधी मालाच्या अवजड गाड्या बैलांच्या लांबलचक जोड्या ओढत. हाकणारा गाडीत न बसता जोड्यांच्या बाजूने पायी चाले. बैलाला मारण्यापेक्षा त्याच्या कानाजवळ आवाज काढणे हे चाबकाचे मुख्य काम. ऑस्ट्रेलियातला घोडेस्वार गुराखी वापरतो तो 'स्टॉकव्हिप' याचा चुलत भाऊ. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकचे उद्घाटन एका एकट्या घोडेस्वाराने मैदानात येऊन याच चाबकाचा आवाज काढून केले होते. दोघांतला फरक मुठीत आहे. स्टॉकव्हिपची मूठ वेगळी असते आणि चामड्याच्या फाशाने ती पुढच्या विणीला जोडलेली असते. त्यामुळे सांध्यापाशी चाबूक बिजागरीसारखा वळतो. बुलव्हिपमध्ये मुठीतला लोखंडी किंवा लाकडी दांडा विणीच्या आत दडलेला असतो आणि मूठ कुठे संपली, शेपूट कुठे सुरू झाले, हे डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते.

चांगला चाबूक कांद्यासारखा थरांचा असतो. गाभ्यात चामड्याची पट्टी, तिच्याभोवती चार किंवा सहा वाद्यांची आतली वीण, तिच्यावर चामड्याचे सपाट वेष्टण, पुन्हा एक वीण, पुन्हा वेष्टण, आणि सर्वांत वर आपल्याला दिसते ती बारा, सोळा किंवा त्याहून अधिक वाद्यांची बाहेरची वीण. प्रत्येक थर टोकाकडे निमुळता होत जातो. विणीच्या शेवटी एका खास गाठीने जाड चामड्याची सुटी वादी अडकवलेली असते आणि तिच्या टोकाला पिळलेल्या दोऱ्याचा झुबका असतो. मुठीकडून निघालेली लाट हलक्या, आणखी हलक्या भागात जाते तसा तिचा वेग वाढतो. टोकाशी तो आवाजाच्या वेगाच्या पलीकडे जातो आणि बंदुकीच्या बारासारखा कडाड आवाज होतो. फ्रान्समधील कॅरिएर या अभ्यासकाने १९२७ मध्ये अतिवेगवान छायाचित्रांनी हे दाखवले. २००२ मध्ये अमेरिकेतील गोरिएली आणि मॅकमिलन या दोन गणितज्ञांनी त्या लाटेचे गणित मांडले. कसलेही गणित न शिकलेला कारागीर मात्र हा उतार आपल्या बोटांनी शेकडो वर्षे बरोबर साधत आला होता. उतार चुकला की चाबूक मुका होतो.

आता कातडे. ऑस्ट्रेलियातले उत्तम चाबूक कांगारूच्या कातड्याचे असतात. ते पातळ असून वजनाच्या मानाने विलक्षण चिवट असते. गायीच्या कातड्याची वादी इतकी बारीक केली तर ती ओढताना तुटेल. कांगारूची तुटत नाही. म्हणून तेवढ्याच जाडीत दुपटीने वाद्या बसवता येतात. कारागीर संपूर्ण कातडे कडेपासून गोल गोल कापत जातो आणि एकाच कातड्यातून लांबच लांब वाद्या काढतो. मग प्रत्येक वादी ताणून तिचा सैलपणा घालवतो, तिच्या कडा तिरप्या तासतो, तिला चरबी आणि साबणाचे मिश्रण चोळतो आणि विणायला बसतो.

चामड्याच्या या विद्येला आपल्या इतिहासाचाही एक धागा आहे. कुर्तुबाचे, म्हणजे कोर्दोबाचे, चामडे मध्ययुगीन युरोपात इतके नावाजलेले होते की इंग्रजीत उत्तम जोडे करणाऱ्या मोच्याला त्या शहरावरूनच 'कॉर्डवेनर' हे नाव पडले. बकऱ्याच्या मऊ कातड्याला तर अजून 'मोरोक्को' म्हणतात. स्पेनमधल्या चामड्याच्या कामावर अंदलुसच्या कारागिरांची छाप होती. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक घोडे आणि गुरे घेऊन अमेरिका खंडात उतरले, तेव्हा जीन, लगाम, दोर आणि गोफ विणण्याची विद्याही त्यांच्याबरोबर उतरली. मेक्सिकोचा 'वाकेरो' आणि अर्जेंटिनाचा 'गाउचो' यांच्या कच्च्या चामड्याच्या विणकामाची मुळे तिथे जातात.

बोटांची सवय हीच सही

आता हाती आलेला चाबूक पाहू. जाणकार तो पाहतात तेव्हा पहिले पथ्य हे, की विकणाऱ्याने सांगितलेले नाव बाजूला ठेवावे. नाव आधी मनात शिरले की डोळ्यांना तेच दिसू लागते.

मग मोजमाप. मुठीची लांबी किती, विणीची लांबी किती, मुठीवर एकूण किती वाद्या आहेत. शेपटाकडे जाताना कारागीर वाद्या कमी करत जातो. बाराच्या दहा, दहाच्या आठ, आठच्या सहा. प्रत्येक जोडी कुठे आत दडवली, ती जागा बोटाने चाचपून काढतात. ही जागा कारागिराच्या सवयीची असते. एक जण ती ठराविक अंतरांवर करतो, दुसरा वीण हाताला जाड लागली की करतो. नवख्याच्या कामात त्या जागी लहानसा उंचवटा राहतो. उस्तादाच्या कामात तो सापडतच नाही.

त्यानंतर विणीचा प्रकार. एक वादी एकीवरून आणि एकीखालून नेली तर एक नक्षी होते, दोहोंवरून आणि दोहोंखालून नेली तर माशाच्या काट्यासारखी दुसरी होते. मुठीवर एक नक्षी आणि शेपटावर दुसरी, असेही असते. एकातून दुसरीत कुठे आणि कशी गेली, हे पाहायचे. वाद्यांच्या कडा कशा तासल्या, ओढ सारखी आहे की डाव्या हाताची कमी आणि उजव्या हाताची जास्त, हेही पाहायचे.

आणि मग गाठी. मुठीच्या बुडाशी आणि मुठीच्या शेवटी बारीक वाद्यांच्या गोल, पगडीसारख्या गाठी बांधलेल्या असतात. या गाठीचे इंग्रजी नाव 'टर्क्स हेड', म्हणजे 'तुर्काचे डोके'! इंग्रज खलाशांना ती गाठ तुर्काच्या पागोट्यासारखी दिसली, म्हणून हे नाव. क्लिफर्ड ॲशली यांच्या १९४४ सालच्या गाठींवरील प्रचंड कोशात तिच्या कितीतरी जाती दिल्या आहेत. चाबकाचा कर्ता ओळखताना ही पगडीच पुष्कळदा साक्ष देते. किती वाद्यांची, किती वेढ्यांची, आत फुगवट्यासाठी काय घातले आहे, वाद्यांची टोके कुठे दडवली आहेत, हे सारे कारागीर जन्मात एकदा शिकतो आणि मग न पाहता करत राहतो. न पाहता केलेल्या गोष्टीतच माणूस अधिक ओळखू येतो.

काही गोष्टी मात्र फसवतात. टोकाचा झुबका आणि सुटी वादी झिजतात, तुटतात आणि बदलल्या जातात. त्यांवरून कर्ता ठरवणे म्हणजे जोड्याच्या नव्या तळव्यावरून मूळ मोची ठरवण्यासारखे आहे. बुडाची गाठही दुरुस्तीत नवी घातलेली असू शकते. ठसा असेल तर आनंद आहे, पण ठसा मूळ विणीवर आहे की नंतर लावलेल्या तुकड्यावर, हे पाहावे लागते. सर्वांत खरा पुरावा आत असतो, आणि तो चाबूक फाटल्याशिवाय दिसत नाही. बाजारी मालात वरची वीण बरी दिसते आणि आत कागद, दोरखंड नाहीतर चिंध्या निघतात. उस्तादाच्या चाबकात कधीच कोणाला न दिसणारी आतली वीणही वरच्या विणीइतकीच नीट असते. म्हणूनच जुने चाबूक दुरुस्त करणारे कारागीर हे या विद्येतले खरे पंडित ठरतात. दुसऱ्याच्या हातचे काम त्यांनी उसवून पाहिलेले असते.

कातड्यावरून काळाचाही अंदाज येतो. अमेरिकेने १९७४ मध्ये कांगारूच्या तीन मोठ्या जाती धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घातल्या आणि १९९५ मध्ये त्या यादीतून काढल्या. कॅलिफोर्निया राज्यात कांगारूच्या मालाच्या विक्रीवर जुनी बंदी होती. ती काही वर्षे सैल झाली आणि २०१६ पासून पुन्हा लागू झाली. कोणते कातडे कोणत्या वर्षांत सहज मिळत होते, हे ठाऊक असेल तर विकणाऱ्याच्या तोंडचे साल तपासता येते.

हाताची ही ओळख आपल्या परंपरेला नवी नाही. बादशहा जहांगीरने 'तुझुक'मध्ये मोठ्या अभिमानाने नमूद केले आहे की, चित्र पाहताच ते कोणत्या चित्रकाराचे हे तो सांगू शकतो. एकाच चेहऱ्यातले डोळे आणि भुवया दुसऱ्या कोणी काढल्या असतील तरी तेही तो ओळखतो. एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली या इटालियन जाणकाराने चित्रांतल्या कानांच्या पाळ्या आणि नखे पाहून चित्रकार ठरवण्याची पद्धत मांडली. चेहरा काढताना चित्रकार सावध असतो, कान काढताना नसतो, असे त्याचे म्हणणे. चाबकाच्या बाबतीत कानाची जागा गाठीने घेतली आहे, इतकेच.

इस्नाद आणि मतन

वस्तू बोलते, पण एकट्या वस्तूच्या बोलण्यावर निवाडा होत नाही. तिच्याबरोबर आलेली हकीकतही तपासावी लागते. कोणी कोणाकडून घेतली, कधी घेतली, पावती आहे का, पत्र आहे का, जुन्या छायाचित्रात ती दिसते का.

हदीसचे शास्त्र ज्यांनी थोडेफार वाचले आहे, त्यांना ही पद्धत लगेच ओळखीची वाटेल. मुहद्दिसांनी प्रत्येक कथनाचे दोन भाग केले. एक मतन, म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. दुसरा इस्नाद, म्हणजे तो मजकूर कोणाकडून कोणाकडे आला याची साखळी. साखळीतला प्रत्येक रावी कोण होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो ज्याचे नाव सांगतो त्याला तो खरोखर भेटू शकला असता का, हे तपासले गेले. कडी तुटलेली असली की त्या कथनाचा दर्जा खाली आला. साखळी सलग असूनही मतनात दोष निघाला तर तोही सांगितला गेला. आणि निकाल 'खरे' किंवा 'खोटे' अशा दोनच शब्दांत दिला नाही. सहीह, हसन, जईफ, मौजू अशा पायऱ्या ठरवल्या.

जुन्या चाबकाच्या बाबतीतही निकालाच्या पायऱ्याच हव्यात. वीण, गाठी, कातडे आणि कागद सारे जुळले तर 'अमुकाच्या हातचा'. काम जुळते पण कागद नाही, तर 'बहुधा अमुकाचा'. रचना त्याची पण हात वेगळा, तर 'त्याच्या शिष्याचा किंवा त्याच्या पद्धतीचा'. यातले काहीच ठरत नसेल तर 'कर्ता अज्ञात'. बाजाराला या मधल्या पायऱ्या आवडत नाहीत. बाजाराला नाव हवे असते, कारण नावाला किंमत आहे.

एका प्रसिद्ध चाबकाची गोष्ट

कोणाच्या नावाला किंमत आहे, हे पाहण्यासाठी जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चाबकाकडे वळू. १९८१ मध्ये 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' हा अमेरिकन चित्रपट आला. त्यातला नायक इंडियाना जोन्स, म्हणजे नट हॅरिसन फोर्ड, टोपी घालून आणि कमरेला चाबूक लावून पुराण वस्तूंच्या शोधात फिरतो. त्यातला कैरोचा बाजार ट्युनिशियातल्या कैरवान या पुरातन इस्लामी शहरात चित्रित झाला होता. १९८४ च्या दुसऱ्या चित्रपटाची कथा हिंदुस्थानात घडते. तिच्यात आपले अमरीश पुरी खलनायक होते. आपल्या देशाचे त्यात केलेले चित्रण इतके विपर्यस्त होते की सरकारला संहिता पटली नाही आणि चित्रीकरण श्रीलंकेत झाले. १९८९ मध्ये तिसरा चित्रपट आला. पौर्वात्य गर्दीच्या मधोमध चाबूक उगारून उभा असलेला पाश्चात्त्य नायक, ही प्रतिमा जगभर गेली. त्या चाबकाच्या मुठीवर 'तुर्काचे डोके' बांधलेले होते, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो.

या पहिल्या तिन्ही चित्रपटांचे चाबूक वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या डेव्हिड मॉर्गन यांनी विणले. ऑस्ट्रेलियाचे चाबूक मागवून विकता विकता ते स्वतः चाबूककार झाले. १९७२ मध्ये त्यांनी चाबूक आणि चाबूक विणण्याची विद्या यांवर पुस्तक लिहिले, आणि २००४ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. चित्रपटातल्या चाबकाची त्यांची जात '४५० मालिका' म्हणून शौकिनांत ओळखली जाते. कांगारूचे कातडे, बारा वाद्यांची वीण, आठ इंचांची मूठ, मनगटात अडकवायचा फास. चित्रपट गाजले तशी या चाबकाच्या नकला करणाऱ्यांची रांग लागली. काही प्रामाणिक कारागीर आपल्या नावाने तशाच रचनेचे चाबूक विणू लागले. काही जण मॉर्गन यांच्याच हाताखाली शिकून तयार झाले. त्यामुळे आज जुन्या बाजारात 'मॉर्गनचा' म्हणून आलेला चाबूक खुद्द त्यांचा, की शिष्याचा, की नक्कल, हे ठरवताना वर सांगितलेली सगळी विद्या पणाला लागते. लांबी आणि वाद्यांची संख्या कोणालाही मोजून घेता येते. गाठीची ओढ आणि वादी दडवण्याची जागा तशी उचलता येत नाही.

मॉर्गन यांचे नाव टिकले याला दोन कारणे आहेत. एक तर चित्रपटाची प्रसिद्धी. दुसरे, त्यांनी स्वतः लिहिले. ऑस्ट्रेलियात रॉन एडवर्ड्स या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने असेच काम केले. रानावनातल्या कारागिरांच्या विणी आणि गाठी स्वतः रेखाटून त्यांनी पुस्तके काढली. त्यामुळे कितीतरी पद्धती त्या जाणणाऱ्यांबरोबर मातीत गेल्या नाहीत.

तरीही बाजार कोणाचे नाव विचारतो पाहा. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत हेरिटेज या लिलावघरात तिसऱ्या चित्रपटातला एक चाबूक ५,२५,००० डॉलर्सना गेला. त्याची साखळी अशी सांगण्यात आली. हॅरिसन फोर्डने तो लंडनच्या खेळाच्या वेळी तेव्हाचे युवराज चार्ल्स यांना भेट दिला. पुढे तो राजकन्या डायनाकडे आला आणि तिने दुसऱ्या व्यक्तीला दिला. इस्नाद म्हणून ही साखळी झगमगती आहे. नट, युवराज, राजकन्या. पण ती सुरू होते चाबूक हाती धरणाऱ्यापासून. ज्याच्या बोटांतून तो निघाला, त्याच्यासाठी या साखळीत कडी नाही.

दुसऱ्या बाजूची नावे

चाबकाच्या कर्त्याबद्दल बोलताना त्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल गप्प राहणे आम्हाला बरे वाटत नाही. अमेरिकेत बैलांच्या मागे चाबूक होता, तसा कापसाच्या आणि उसाच्या शेतांत माणसांच्या मागेही होता. १८६३ मध्ये लुइझियानातून पळून उत्तरेच्या फौजेत आलेल्या एका गुलामाचे छायाचित्र घेतले गेले. उघडी पाठ आणि तिच्यावर चाबकाच्या वळांचे उंच, गुंतलेले जाळे. त्या जुलैत 'हार्पर्स वीकली' या नियतकालिकाने त्यावरून केलेले चित्र छापले आणि गुलामगिरी म्हणजे काय हे उत्तरेतल्या घराघरांत दिसले. या माणसाचे नावही एक राहिले नाही. कुठे तो गॉर्डन आहे, कुठे पीटर. कर्त्याप्रमाणे ज्याने तो सोसला त्याचीही ओळख अशी धूसर होते.

याच अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेला एक मुस्लिम आलिम होता. पश्चिम आफ्रिकेतला उमर इब्न सईद. १८०७ मध्ये तो गुलाम म्हणून चार्ल्सटनला उतरवला गेला. तिथल्या क्रूर मालकाकडून तो पळाला, पकडला गेला आणि पुढचे सारे आयुष्य उत्तर कॅरोलिनात गुलामीतच गेले. १८३१ मध्ये त्याने आपली जीवनकथा अरबीत लिहिली. तिची सुरुवात त्याने सूरह अल्-मुल्कने केली. सारी मालकी अल्लाहची, असे सांगणारी सूरह ज्याला बाजारात विकले होते त्याने निवडावी, याचा अर्थ वेगळा सांगायला नको. हे हस्तलिखित २०१७ पासून वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये आहे. मालकांनी त्याला अनेक नावांनी हाक मारली, पण त्याने स्वतःच्या हाताने लिहिले म्हणून तो आज आपल्याला उमर इब्न सईद म्हणून ठाऊक आहे.

मॉर्गन आणि उमर यांची परिस्थिती सर्वस्वी वेगळी. दोघांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. पण दोघांचे नाव राहिले ते नोंदीमुळे, आणि ती नोंद दोघांनीही दुसऱ्या कोणी करावी म्हणून वाट पाहिली नाही.

अज्ञात म्हणजे कोणी नाही असे नव्हे

मग बिननावाच्या चाबकाचे काय करावे? जाणकारांचे उत्तर साधे आहे. मोजा, छायाचित्रे काढा, गाठी जवळून टिपा, कोणाकडून घेतला ते तारखेनिशी लिहा. खात्रीने कर्ता ठाऊक असलेल्या चाबकाशी ताडून पाहा. जे ठरले तेवढेच लिहा. उगाच मोठे नाव चिकटवले तर एका कारागिराच्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाते, आणि खऱ्या कर्त्यापर्यंत पोहोचण्याची वाट कायमची बुजते. 'कर्ता अज्ञात' असे प्रामाणिकपणे लिहिले तर ती वाट उघडी राहते. उद्या दुसरा एखादा चाबूक पावतीसह सापडेल, तीच गाठ, तीच ओढ त्यातही दिसेल आणि आजचा अज्ञात माणूस आपल्या नावानिशी उभा राहील.

आपल्याकडे ही नोंद करणारे थोडे. गावोगावचा आसूड कोणी विणला, पोतराजाचा कोरडा कोणी वळला, पखाल कोणी शिवली, घोड्याचे जीन कोणी भरले, हे त्या त्या गावाला ठाऊक होते, म्हणून कोणी लिहिले नाही. गाव ठाऊक असलेली गोष्ट विसरते, आणि मग ती कोणालाच ठाऊक नसते. चामडे कमावणारे, वाद्या कापणारे, जोडे शिवणारे, मग ते कोणत्याही जातीधर्माचे असोत, त्यांच्या हातची वस्तू आपण पायात घातली, हातात धरली, पण त्यांचे नाव विचारणे आपल्याला गरजेचे वाटले नाही. त्या कामाकडे पाहण्याची आपली नजरही स्वच्छ नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

घरात आजोबांच्या वेळचा जोडा असेल, चामड्याची पेटी असेल, तबल्याची जुनी जोडी असेल, आजीने वापरलेला पानदान असेल. ती कोणी बनवली हे सांगू शकणारे एखादे वृद्ध माणूस घरात किंवा मोहल्ल्यात अजून असेल. त्यांना विचारावे आणि उत्तर कागदावर उतरवून त्या वस्तूबरोबर ठेवावे. नाव, गाव आणि साल, एवढे तीन शब्द पुरेत.